धनको

इन्सर्टची डबी दहा नगांची असते. लेथवर धातू कापायला लागणारी ही कार्बाइडची टिकली. आमच्या शॉपला महिन्याला चाळीसेक डब्या लागायच्या. २०१८ च्या दिवाळीनंतर चाळीसच्या पंधरा झाल्या, मग पाच. फेब्रुवारीत एका दुपारी पुरवठादाराचा पोऱ्या स्टोअरच्या खिडकीशी आला आणि खिशातून कागदाची पुडी काढली. आत दोन टिकल्या. म्हणाला, "शेठनी सांगितलंय, आधी मागचे पैसे, मग डबी." पुडीत बांधलेला इन्सर्ट मी बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला. बिन कार्डावर आवक लिहिली : २ नग.

भोसरी एमआयडीसीतली आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग करायची. दीडशेवर कामगार, चाळीसेक स्टाफ. मी १९९७ च्या जूनमध्ये स्टोअर हेल्पर म्हणून लागलो. पुढे क्लार्क, आणि २०११ मध्ये 'स्टोअर ऑफिसर'. काम तेच : माल उतरवून घ्यायचा, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायची, वस्तूच्या आवक-जावकीचं बिन कार्ड लिहायचं, गेटपास फाडायचा. फक्त खुर्चीला हात आले आणि युनियनची वर्गणी बंद झाली. त्या दिवशी बायकोने सोसायटीत पेढे वाटले होते. या पेढ्यांचा हिशेब पुढे येणार आहे.

तेव्हा सगळ्यांच्या तोंडी मंदी होती. २०१९ मध्ये गाड्यांचा खप पडला होता हे खरंच. चाकण-भोसरी पट्ट्यातल्या भल्या भल्या कंपन्या 'ब्लॉक क्लोजर' घेत होत्या, म्हणजे काही दिवस काम बंद ठेवत होत्या. पण माझं मत विचाराल तर मंदी हे निमित्त. आम्हाला बुडवलं ते दोन वर्षांपूर्वी नव्या लाइनसाठी काढलेल्या कर्जाने. ती लाइन कधी पूर्ण भरून चाललीच नाही. स्टोअरमध्ये बसून हे दिसत होतं, कारण तिचे स्पेअर रॅकवर प्लास्टिकसकट तसेच पडून होते.

मार्चमध्ये क्वालिटीतल्या एका पोराने कँटीनमध्ये मोबाइल पुढे केला. पीएफचं पासबुक. शेवटची नोंद डिसेंबरची. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र जानेवारी, फेब्रुवारी दोन्हीकडे पीएफ कापलेला. माझा बेसिक-डीए १८,२००. त्यावर बारा टक्के म्हणजे २,१८४ रुपये दरमहा माझ्या पगारातून निघत होते आणि कुठेच पोचत नव्हते. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाची आवक-जावक जुळवली. माझं स्वतःचं पासबुक कधी उघडून पाहिलं नव्हतं. याची लाज अजून वाटते.

मार्चचा पगार उशिरा का होईना झाला. त्यानंतर झालाच नाही. एप्रिल, मे, जून. रोज सकाळी पंचिंग चालू. लोक विचारतात, पगार नसताना का जात होतात? जाणार नाही तर काय करणार! गैरहजर राहिलो तर उद्या म्हणतील, तुम्हीच सोडून गेलात.

जुलैत एका रात्री आठ वाजता मला घरून बोलावून घेतलं. गेटवर दोन ट्रेलर आणि एक क्रेन उभी. आमचा सगळ्यात मोठा ग्राहक आपल्या डाय, म्हणजे भाग घडवायचे साचे, न्यायला आला होता. डाय त्यांच्याच मालकीच्या, त्यामुळे अडवायचा प्रश्न नव्हता. याआधीही त्या दुरुस्तीला बाहेर जायच्या, तेव्हा मी आरजीपी फाडायचो, म्हणजे परत येणाऱ्या मालाचा गेटपास. त्या रात्री मी सवयीने तेच पुस्तक उघडलं. प्लांट हेड काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुढे करून ते बंद केलं आणि दुसरं पुस्तक सरकवलं. एनआरजीपी. नॉन-रिटर्नेबल. चौदा डाय, चौदा ओळी. खाली माझी सही. कंपनी बंद पडली ती तारीख सरकारी कागदावर वेगळी आहे. माझ्या लेखी ती रात्र.

सप्टेंबरात पेपरात जाहीर सूचना आली. एका बँकेच्या अर्जावर मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, कंपनीला दिवाळखोरी संहितेखाली घेतलं होतं आणि कारभार एका व्यावसायिकाच्या, आयआरपीच्या हाती दिला होता. सूचना होती कंपनीच्या 'धनकों'साठी. मी ती दोनदा वाचून बाजूला ठेवली, कारण धनको म्हणजे बँका, पुरवठादार, तो इन्सर्टवाला शेठ. संध्याकाळी युनियनच्या सेक्रेटरीने सांगितलं की आपणही धनकोच. थकलेला पगार हे कंपनीने आपल्याकडून घेतलेलं कर्जच. १४ दिवसांत दावा भरायचा, फॉर्म डी.

मला हसू आलं. घराच्या कर्जाचा ऋणको मी, पतसंस्थेचा ऋणको मी, मुलीच्या डिप्लोमासाठी मेव्हण्याकडून घेतलेल्या पैशांचा ऋणको मी. जन्मात पहिल्यांदा धनको झालो तो असा.

कामगारांचे दावे युनियनने एकत्र भरले. स्टाफला कुणी वाली नव्हता. मग लांडेवाडीत एका झेरॉक्सवाल्याच्या बाकावर मी बसलो आणि एकेकाचा फॉर्म भरत गेलो. अक्षर बरं आहे आणि कागद लावून ठेवायची खोड, एवढंच भांडवल. कुणाकडे नेमणूकपत्र नाही, कुणी पगाराच्या चिठ्ठ्या रद्दीत घातलेल्या. बँकेच्या पासबुकावर शेवटचा पगार जमा झाल्याची ओळ असली तरी काम भागायचं. माझा आकडा असा निघाला : पाच महिन्यांचा पगार, ३१,४०० प्रमाणे १,५७,०००. ग्रॅच्युइटी, १८,२०० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला १०,५००, गुणिले २२ वर्षं : २,३१,०००. एकूण ३,८८,०००.

फॉर्मच्या सुरुवातीलाच प्रश्न होता, तुम्ही कामगार की कर्मचारी? मी विचारही न करता 'कर्मचारी' लिहिलं. ऑफिसर होतो ना!

नोकरी गेल्यावर माणूस दोन-तीन महिने घरी बसू शकतो. पण हप्ता बसत नाही. बँकेत मी पहिला हप्ता चुकायच्या आधीच गेलो आणि मुदत वाढवून मागितली. बरीच तंगडतोड करावी लागली, पण हप्ता कमी झाला. खरा दणका पतसंस्थेने दिला. कर्जाचे हप्ते पगारातून परस्पर कापले जायचे. जानेवारीपासून कंपनीने ते कापले आणि पतसंस्थेत भरलेच नाहीत. माझे तर नाहीतच, शिवाय ज्यांना मी जामीन होतो त्या फिटर मामांचेही नाहीत. दोघांना सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाच्या, म्हणजे वसुलीच्या दाखल्याची नोटीस आली. मामा माझ्यापेक्षा वयाने मोठे, पण मला साहेब म्हणायचे. नोटीस घेऊन घरी आले, दारातच उभे राहिले. म्हणाले, "साहेब, आपले पैसे आपल्याकडून कापून घेतले, तरी चोर आपणच?" मी त्यांना आत बोलावलं. आम्ही दोघांनी पगाराच्या चिठ्ठ्या जोडून पतसंस्थेला अर्ज दिला : कपात झालेली आहे, ही पाहा. व्याज थांबलं नाही, पण दाखला थांबला. त्या दिवसापासून चिठ्ठ्यांची फाइल मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवतो. हिला ते आवडत नाही.

पीएफ काढावा तर वेगळीच अडचण. एक महिना बेकार राहिलं की ७५ टक्के काढता येत होते, पण पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख मालकाने टाकायची. आमचं एचआर डिपार्टमेंट म्हणजे एक बाई होती, तीही मे महिन्यात सोडून गेलेली. २०२० च्या जानेवारीत पीएफवाल्यांनी ही तारीख ज्याची त्याला टाकायची सोय केली, तेव्हा कुठे गाडी हलली. सगळे काढले नाहीत. पतसंस्थेचं देणं भागेल तेवढेच काढले.

मधल्या काळात नोकरी लागली होती. चाकणला एका गोदामात, ठेकेदारामार्फत, १४,०००. वय ४७. हातात स्कॅनर, सुपरवायझर २६ वर्षांचा. मला काका म्हणायचा आणि दुपारी डबा माझ्या शेजारी बसून खायचा. त्या नोकरीबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त तिथे बिन कार्ड नसतं. यंत्र टिंग करतं आणि माल गेला.

एकदा चिंचवडहून सिंहगड एक्सप्रेस धरून आम्ही चौघे मुंबईला, कफ परेडला एनसीएलटीत गेलो. आमचं प्रकरण पुकारलं, वकील उभे राहिले, काहीतरी बोलले, पुढची तारीख पडली. दोन मिनिटं लागली असतील. परतीच्या गाडीत वडापाव खाताना कुणी काही बोललं नाही. मग कोविडची टाळेबंदी आली आणि तारखाही बंद झाल्या.

कंपनी घ्यायला कुणी पुढे आलं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत ती विकून पैसे वाटायचा, म्हणजे लिक्विडेशनचा आदेश झाला. दावा पुन्हा नव्या फॉर्मवर. याच सुमारास माझ्या ओळखीच्या एका कामगार-वकिलांनी माझे कागद चाळले आणि चष्मा काढून विचारलं, "तुम्ही कर्मचारी का लिहिलंत?"

मग त्यांनी जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण माझ्यासारखे 'ऑफिसर' गल्लोगल्ली आहेत. पैसे वाटायची रांग संहितेच्या ५३ व्या कलमाने ठरते. आधी प्रक्रियेचा खर्च. त्यानंतर तारणवाल्या बँका आणि त्यांच्या बरोबरीने, त्याच पायरीवर, कामगारांची लिक्विडेशनच्या तारखेपूर्वीच्या २४ महिन्यांची देणी. कर्मचारी त्यांच्या खालच्या पायरीवर, आणि तेही फक्त १२ महिन्यांचे. आता मोजा. फेब्रुवारी २०२१ पासून २४ महिने मागे गेलं तर २०१९ चा फेब्रुवारी येतो. कामगारांचे एप्रिल ते ऑगस्टचे पगार त्यात बसतात. १२ महिने मागे गेलं तर २०२० चा फेब्रुवारी. तेव्हा कंपनीला टाळं लागून पाच महिने झाले होते. म्हणजे माझ्या थकलेल्या पगारातला एकही दिवस त्या १२ महिन्यांत येत नव्हता. तो गेला आणखी खाली, 'इतर देणी'त.

वकील म्हणाले, हुद्द्याला तितकं महत्त्व नाही, प्रत्यक्ष काम काय करत होतात ते बघतात. तुमच्या हाताखाली कोण होतं? एक हेल्पर. रजा तुम्ही मंजूर करायचात? नाही. मग तुम्ही क्लार्कच होता. मी कामगार म्हणून दावा लावला, सोबत माझ्या अक्षरातल्या कार्डांच्या प्रती जोडल्या. लिक्विडेटरने रक्कम मान्य केली, वर्ग मात्र कर्मचारीच ठेवला. त्याविरुद्ध अपील करायला १४ दिवस होते. मी केलं नाही. मुंबईच्या खेपा, वकिलाची फी, त्यात घरात कोविडचं आजारपण. करायला हवं होतं, असं आता वाटतं.

हे सगळं घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "आणि मी पेढे वाटले होते." दोघेही खूप हसलो. बऱ्याच महिन्यांनी.

मालाचा ई-लिलाव झाला. यादी मी मोबाइलवर पाहिली. प्रेस, लेथ, कंप्रेसर सगळे नावानिशी, अनुक्रमांकासह. सगळ्यात शेवटी एक ओळ : स्टोअरमधील किरकोळ माल, एक लॉट. त्या लॉटमधल्या प्रत्येक वस्तूचं कार्ड माझ्या हातचं होतं.

पीएफची रक्कम लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरत नाहीत, त्यामुळे बुडवलेले तीन महिन्यांचे पैसे २०२२ मध्ये पासबुकात दिसले. ग्रॅच्युइटीसाठी कंपनीने वेगळा निधीच ठेवला नव्हता, त्यामुळे ती माझ्या इतर देण्यांबरोबर तळाला राहिली. कामगारांना त्यांच्या वाट्याचे काही पैसे मिळाले. फिटर मामांनी त्यातून पतसंस्थेचं कर्ज फेडलं आणि मी जामीनकीतून सुटलो.

माझा दावा : ३,८८,००० रुपये, मान्य. आवक : शून्य.