डीजेवर बोलण्याआधी या कॅसेटी बघा

एप्रिल जवळ आला की दोन प्रकारचे उपदेश सुरू होतात. पहिला बाहेरून येतो. वर्षभर ज्यांना ध्वनिप्रदूषण हा शब्द आठवत नाही, त्यांना जयंतीच्या आठवड्यात एकाएकी पुण्याच्या कानांची काळजी वाटू लागते. दुसरा उपदेश आपल्याच माणसांचा असतो. बाबासाहेबांनी वाचायला सांगितलं, नाचायला नाही, असं ते म्हणतात. पहिल्या उपदेशाला उत्तर देण्यात आम्ही फार वेळ घालवत नाही. २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, ती सगळ्या मिरवणुकांना सारखी लावा, आमचं काही म्हणणं नाही. दुसऱ्या उपदेशाला मात्र उत्तर द्यावं लागतं. तो देणारी माणसं आमची आहेत आणि त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नाही.

पण या वादात पुरावा कुणी बघत नाही. जयंतीत आधी लोक कसे नाचत होते, कोण नाचत होते, कशाच्या तालावर नाचत होते? डीजे यायच्या आधी काय होतं? जो तो आठवणीवर बोलतो, आणि आठवण ज्याच्या त्याच्या सोयीची असते. म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही पाच-सहा जणांनी ताडीवाला रोड, दांडेकर पूल, बोपोडी आणि येरवडा इथल्या घरांमधून जुन्या व्हिडिओ कॅसेटी गोळा करायला सुरुवात केली. चौदा मिळाल्या. त्यातल्या नऊ लागल्या. दोघांवर बुरशी होती, एकीची फीत तुटलेली होती, आणि दोन कॅसेटींवर जयंती पुसून कुणीतरी पुतण्याचं लग्न घेतलं होतं. लग्नही महत्त्वाचंच, त्याबद्दल तक्रार नाही.

ही चित्रणं कुणी काढली? कुठल्या वाहिनीने नाही. लग्नाची शूटिंग करणाऱ्या माणसाला मंडळाने वर्गणीतून पैसे दिले, त्याने खांद्यावर मोठा कॅमेरा घेतला, मागे एक पोरगं हॅलोजन धरून, आणि त्या हॅलोजनची वायर जनरेटरच्या गाडीपर्यंत. त्यामुळे हा माणूस मिरवणुकीलाही लग्नासारखंच शूट करतो. भाषण चालू असताना वक्त्याला सोडून तो बायकांच्या चेहऱ्यांवर जातो, लहान मुलांना पुढे बोलावतो, नव्या साडीचा पदर जवळून घेतो. व्यासपीठावरचे पुढारी हात जोडून ताटकळत उभे आहेत आणि कॅमेरा मात्र नाचणाऱ्या एका म्हातारबाबांवरून हलायला तयार नाही. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने हे कधीच केलं नसतं. त्याला पुतळा आणि हार हवा असतो. आपल्या लोकांना स्वतःला बघायचं होतं, म्हणून हे घडलं. आठ दिवसांनी कॅसेट आली की भाड्याचा व्हीसीआर आणून चौकात लावायचे आणि अख्खी वस्ती स्वतःला नाचताना बघायची.

सगळ्यात जुनी कॅसेट १९९१ ची, जन्मशताब्दी वर्षाची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बाबासाहेबांची तसबीर, दोन भोंगे, एक टेप, आणि पुढे बँड. ट्रम्पेटवर भीमगीताची चाल वाजते आणि मधेच हलगी घुसते. बँडवाला थांबला की टेपवर प्रल्हाद शिंद्यांचा आवाज लागतो. भोंगा असल्यामुळे आवाज चिरका येतो, खालचा ठेका जवळजवळ ऐकू येत नाही. पण लोकांना ठेका ऐकायची गरजच नाही. गाणं सगळ्यांना पाठ आहे. नाचणारे गातायत. हे आम्हाला कॅसेट बघेपर्यंत कळलं नव्हतं, कारण आम्ही ज्या मिरवणुकांत वाढलो तिथे नाचताना गाणं शक्यच नव्हतं. शेजारच्याला हाक मारली तरी ऐकू जात नव्हती.

दुसरी कॅसेट आम्ही तीन वेळा बघितली. ती जयंतीची नाही. जानेवारी १९९४, मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्तारानंतरची ती रात्र आहे. मैदान नाही, मांडव नाही, एक गल्ली आहे आणि थंडीत स्वेटर घातलेली माणसं आहेत. ठराव २७ जुलै १९७८ ला झाला होता. मधल्या काळात मराठवाड्यात घरं जळाली, पोचिराम कांबळेंना मारलं, नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. पुण्यातल्या या गल्लीतल्या कित्येकांची मूळ गावं मराठवाड्यातली. ही माणसं नाचतायत आणि रडतायत, दोन्ही एकदमच. एक बाई नाचता नाचता थांबते, डोळे पुसते, पदर खोचते आणि परत सुरू करते. आता आम्हाला सांगा, हा धांगडधिंगा आहे का? वाचा, नाचू नका, असं या बाईला कोण सांगणार आहे?

नाच आणि चळवळ यांची फारकत नंतर झाली. भीमराव कर्डकांचे जलसे काय होते? ढोलकी होती, सोंग होतं, हसणं होतं, आणि त्यातूनच सत्याग्रहाचा निरोप गावोगाव गेला. पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी १४ एप्रिल १९२८ रोजी पहिली सार्वजनिक जयंती केली तेव्हाही मिरवणूक होती, प्रतिमा हत्तीच्या अंबारीत होती असं सांगतात. दीडच वर्षानं, ऑक्टोबर १९२९ मध्ये, याच शहरात पर्वतीच्या देवळात शिरण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ज्या शहरात पेशवाईत आमच्या गळ्यात मडकं होतं, त्या शहराच्या रस्त्यावरून वाजत-गाजत जाणं हे वाचण्याइतकंच राजकीय काम होतं. त्या १९२८ च्या मिरवणुकीचं हलतं चित्र तुम्ही कधी पाहिलंय का? नाही ना? म्हणून तर आज कुणीही उठतो आणि जयंती आधी फार शांत, फार गंभीर असायची असं बिनधास्त सांगतो.

इथपर्यंत कॅसेटी आमच्या बाजूने आहेत. पुढे त्या आम्हालाच अडचणीत आणतात.

शेवटच्या दोन कॅसेटी २००० नंतरच्या आहेत. ट्रॉलीच्या जागी ट्रक आला, भोंग्यांच्या जागी पेट्यांची भिंत आली, आणि लोक तिला डॉल्बी म्हणू लागले. (रे डॉल्बी या माणसाचा पहिला गाजलेला शोध टेपवरची खरखर कमी करण्याचा होता, १९६५ चा. आवाज कमी करणाऱ्याचं नाव आपण आवाज वाढवणाऱ्या भिंतीला दिलं, हा विनोद बहुतेक त्यालाही आवडला असता.) भिंतीसमोर पोरं नाचतायत. अंगात ताकद आहे, नाच जोरदार आहे, ठेका आता छातीत बसतो. त्या आनंदाची चेष्टा आम्ही करणार नाही, आम्ही स्वतः त्याच भिंतीसमोर नाचलोय. पण बायका कुठे आहेत? १९९१ च्या चित्रणात त्या मधोमध होत्या, पांढऱ्या साड्यांत फेर धरून, आणि पुरुष कडेने. २००० नंतरच्या चित्रणात त्या गॅलरीत, गच्चीवर, पायरीवर उभ्या आहेत. शूटिंगवाला सवयीने त्यांच्याकडे कॅमेरा वळवतो आणि त्या हात हलवतात. एवढंच. एका मावशींना आम्ही विचारलं, तुम्ही नाचायचं का सोडलं? त्या म्हणाल्या, "सोडलं कुठं? जागाच राहिली नाही. पुढं पेट्या, मागं पिऊन आलेली पोरं. आणि गाणं म्हणायचं तरी कुणाला ऐकू येणार?"

डीजेचं समर्थन करणाऱ्या आमच्या मित्रांनी या प्रश्नाचं उत्तर द्यावं. डेसिबलचं उत्तर पोलिसांना द्या, हे उत्तर घरात द्यायचं आहे.

हा प्रश्न फक्त आपला नाही. ज्यांच्या पँथरवरून १९७२ ला आपण आपल्या संघटनेचं नाव ठेवलं, त्या अमेरिकेतल्या काळ्या समाजाने आजच्या डीजे संगीताचा पाया घातला. शिकागोत 'द वेअरहाउस' नावाचा क्लब होता, १९७७ पासून तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड लावायचा. नाचणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी तरुण, म्हणजे ज्यांना इतर क्लबांच्या दारातूनच परत पाठवत. 'हाउस' हा शब्द त्या वेअरहाउसमधूनच आला असं मानतात. १२ जुलै १९७९ ला त्याच शहरातल्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डची पेटी स्फोटकांनी उडवून देण्यात आली, प्रेक्षक मैदानात घुसले आणि पुढचा सामना होऊ शकला नाही. त्या दिवशी तिथे काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा काळा तरुण पुढे हाउसच्या पहिल्या रेकॉर्ड करणाऱ्यांपैकी एक झाला. तो सांगतो की लोक फक्त डिस्को नाही, काळ्या कलाकारांच्या इतर रेकॉर्डही मोडायला घेऊन आले होते. या स्फोटाचं चित्रण भरपूर आहे, कारण तिथे टीव्हीचे कॅमेरे होते. ज्या क्लबात लोक रात्रभर नाचत होते तिथे कोण कॅमेरा घेऊन जाणार?

डेट्रॉइटची गोष्ट वेगळी झाली. तिथे १९७५ ला डब्ल्यूजीपीआर ही काळ्यांच्या मालकीची दूरचित्रवाणी सुरू झाली आणि तिच्यावर 'द सीन' नावाचा नाचाचा कार्यक्रम १९८७ पर्यंत चालला, नंतर 'द न्यू डान्स शो' आला. शेजारपाजारची पोरं-पोरी दोन रांगा करून नाचायची, बस्स. आज त्या टेप बघितल्या की टेक्नो हे संगीत युरोपातल्या गोऱ्यांचं आहे असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. २०१६ ला पुण्याजवळ केसनंदला सनबर्न भरला. तिथे हजारोंचं तिकीट काढून नाचलेल्या किती जणांना हे माहीत असेल? अंजुण्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांची जुनी चित्रणं बघा, तिथेही परदेशी पाहुणे मधोमध आहेत आणि चटईवर चहा विकणारी गोव्याची बाई कडेला अर्धी कापलेली. कॅमेरा ज्याचा, मध्य त्याचा. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तो उगाच नाही.

आणि आपल्याकडे एक माणूस असा होऊन गेला. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून ती चित्रित केली. ती फीत नसती तर त्या गर्दीचा आकार आपण आज कुणाला पटवून दिला असता?

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून. चांगली संस्था आहे, तिथे फिती थंडाव्यात ठेवतात. आपल्या फिती पत्र्याच्या पेटीत, पत्र्याच्या छपराखाली, ओलीला असतात. सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा टांगेवाले कॉलनीत माणसं गेली. घराघरातलं जे काही वाहून गेलं त्यात काय काय होतं याची यादी कुणी केलेली नाही. पुनर्वसनाच्या इमारतीत जाताना लोक पहिल्यांदा जुना व्हीसीआर भंगारात देतात आणि मग कॅसेटी. नवीन व्हीसीआर २०१६ नंतर जगात कुठेच तयार होत नाही. आमच्याकडचा एक दुरुस्त केलेला आहे, त्याचं हेड किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

एक किस्सा सांगायला हवा. १९९१ च्या चित्रणातली दहा मिनिटं आम्ही इंटरनेटवर टाकली. काही तासांत आवाज बंद झाला. मागे वाजणाऱ्या भीमगीताचे हक्क एका कॅसेट कंपनीकडे आहेत म्हणे. म्हणजे गाणं आपल्या शाहिराचं, गळा आपल्या गायकाचा, नाचणारी वस्ती आपली, वर्गणी आपली, आणि मिरवणूक मुकी. एकरकमी चार पैसे घेऊन गाणी देऊन टाकलेल्या कलावंतांच्या कहाण्या प्रत्येक वस्तीत आहेत, त्याची किंमत आपण अशी मोजतोय. चळवळीतल्या वकिलांनी यात लक्ष घालावं. तोपर्यंत आम्ही चौकात पडदा लावून दाखवू, जसं तेव्हा दाखवत होते. ज्यांचे चेहरे त्यात आहेत त्यांना आधी विचारू. एका ताईंनी नको म्हटलं, त्यांचा भाग आम्ही दाखवत नाही.

येत्या जयंतीला ताडीवाला रोडवर पहिला खेळ ठेवतोय. १९९१ आणि २००० नंतरची, दोन्ही कॅसेटी लागोपाठ लावणार आहोत. डीजेवाल्या पोरांना पुढच्या रांगेत बसवणार आहोत आणि मावशींना त्यांच्याच शेजारी. भांडण होईल. व्हावं.

तुमच्या घरी अशी कॅसेट असेल तर ती आडवी टाकू नका, पुस्तकासारखी उभी ठेवा. खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके दिसले तर व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. वर मंडळाचं नाव आणि साल लिहा. साल आठवत नसेल तर त्या वर्षी घरात कुणाचं लग्न झालं किंवा कोण जन्मलं ते लिहा, त्यावरून आम्ही साल काढतो.