उसनी नजर

रविवार, रात्री.

आज पुन्हा पहाटे दादरच्या फूलबाजारात. कॅमेऱ्यावर ५० एमएमचीच लेन्स. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ बहुतेक वेळा तीच वापरायचे, म्हणून मीही वर्षभर झूमला हात लावलेला नाही. त्यांचा १९३२चा पॅरिसमधला तो फोटो: साँ-लाझार स्टेशनामागं डबक्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायच्या आत टिपलेला. त्या नादात अख्खा पावसाळा मी डबक्यांपाशी दबा धरून बसलो. उड्या मारणारे पुष्कळ मिळाले, फोटो एकही नाही. (फोटो कातरायला विरोध करणाऱ्या या गृहस्थांनी नेमका तोच कातरला होता, हे कळल्यावर जरा बरं वाटलं!)

मग आपले छायाचित्रकार रघुबीर सिंह. जाणकार कृष्णधवललाच मान द्यायचे त्या काळात हा माणूस रंगातच भारत पाहत राहिला. त्यांची गर्दीनं भरलेली चित्रं आठवून आज झेंडूचे ढीग सोडले आणि दोन पावलं मागं सरकलो. चौकटीत हमालाची ओली पाठ, टेम्पोचा आरसा आणि आरशात गजरा ओवणाऱ्या मावशी, सगळं एकदम आलं. मावशी म्हणाल्या, "अरे, फुलांचा काढ की, माझा काय काढतोस!"

घरी येऊन पाहिलं. फोटो थोडा हललाय, पण कुणासारखा आहे ते सांगता येईना. तेवढा एक ठेवला. बाकीचे १४० पुसून टाकले.