रंगाखालची चीर

मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली आणि आम्ही घरची जुनी गाडी विकायचं ठरवलं. थोरल्या मुलीला पुण्यात फार्मसीला घालायचं आहे. आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. महिन्याचं घर नीट चालतं. पण फी आणि वसतिगृहाचे पैसे एकदम भरायचे म्हटलं की काहीतरी मोडावंच लागतं. दागिन्यांना हात लावण्यापेक्षा गाडी बरी, असं ठरलं.

गाडी अब्बांची. तीस वर्षं एसटी चालवून २०११ साली ते निवृत्त झाले, तेव्हा फंडाच्या पैशातून त्यांनी ही लाल गाडी घेतली. इंजिन अजून ठणठणीत आहे. पण सोलापूरचं ऊन! पारा चाळिशी ओलांडतो आणि गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर. पत्र्याचा रंग थोडा उतरला होता इतकंच; पुढचा बंपर आणि आरशांची प्लास्टिकची टोपणं मात्र गुलाबट पडून त्यांच्या खपल्या निघत होत्या. गाडी बघायला येणारा प्रत्येक जण आधी बंपरकडे बघायचा आणि मग भाव पाडायचा.

गॅरेजमध्ये सांगितलेला आकडा परवडणारा नव्हता. म्हणून मोहल्ल्यातल्या पेंटरचाचांना गाठलं. एका चहात त्यांनी आम्हा शिक्षकांनाच धडा दिला. पत्र्याचा रंग कारखान्यात भट्टीत भाजून पक्का करतात. प्लास्टिक तेवढी धग सोसत नाही, म्हणून त्याला वेगळा रंग कमी उष्णतेवर देतात. त्यामुळे एकाच गाडीचे दोन भाग वेगवेगळ्या वेळी म्हातारे होतात. शिवाय बंपरच्या प्लास्टिकवर रंग सहजी धरत नाही. आधी प्लास्टिकचा खास प्रायमर लागतो. तो टाळला की रंग सालासारखा सुटतो. दुकानात जाताना पेट्रोलच्या टाकीवरचं लाल झाकण काढून सोबत न्या, असंही ते म्हणाले. नंबरावरून मिळणारा लाल हा नव्या गाडीचा लाल असतो, उन्हात तापलेल्या आपल्या गाडीचा नव्हे.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर, ऊन चढायच्या आत कामाला लागलो. बंपर खोलून साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला. चमक यावी म्हणून आम्ही त्यावर पॉलिश फासत आलो होतो, आरशांना तर खोबरेल तेलसुद्धा. तो तेलकटपणा राहिला तर नव्या रंगाला खड्डे पडतात. मग पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर ६०० चा. मुलगा उजवा कोपरा घासत होता. तो थांबला आणि म्हणाला, "हे बघा, इथे वेगळंच काहीतरी निघतंय." लाल रंगाखाली करडी पुट्टी होती आणि पुट्टीच्या मधोमध वीतभर चीर.

गाडी कधी ठोकल्याचं आम्हाला आठवेना. ओट्यावर बसलेले अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते माझं आहे."

२०१७ मध्ये एका लग्नाला गेले असताना शादीखान्याच्या फाटकाचा खांब त्यांना दिसलाच नव्हता. "एसटीत तीस वर्षं एक ओरखडा नाही, आणि एवढीशी गाडी खांबाला घातली, हे कुठल्या तोंडाने सांगू?" त्यांनी परस्पर पुट्टी भरून रंग मारून घेतला होता. त्यानंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले, आणि आम्ही ते खरं धरलं.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. २०१९ मध्ये चष्म्याच्या नंबरासाठी नेलं, तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. या आजारात बहुधा आधी कडेची नजर जाते. समोरचं नीट दिसत असतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. औषधाने उरलेली राखता येते. न दिसलेला खांब ही कदाचित पहिली खूण होती. त्या दिवशी अब्बा बोलले असते तर दोन वर्षं आधी औषध सुरू झालं असतं. पण आम्ही तरी कुठे विचारलं? तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस अचानक किल्ली खुंटीला लावतो आणि घरात कोणी धड कारण विचारत नाही.

चाचा म्हणाले, नुसती पुट्टी गाडीच्या हादऱ्यांनी पुन्हा फुटेल. त्यांनी आतल्या बाजूने बारीक जाळी बसवून, प्लास्टिक वितळवून चीर सांधली. मग प्रायमर, आणि गनने लाल रंगाचे तीन पातळ हात, प्रत्येक हात सुकू देऊन. शेवटी क्लिअर कोट. एकच जाड हात दिला की ओघळ येतात. काम झाल्यावर चीर कुठे होती ते आम्हालाही बोटाने सापडेना.

तेव्हा मनात आलं, हे सांगायची गरज काय? सांधा पक्का आहे, दिसतही नाही. घेणारे ओळखीतले एक तरुण शिक्षक. ६८ हजारांवर बोलणं झालेलं, आणि फीच्या हिशोबात ते पैसे आम्ही धरूनही बसलेलो. रात्री आम्ही दोघं बराच वेळ बोललो. खरं सांगायचं तर निर्णय झाला नाही.

सकाळी ते आले तेव्हा अब्बा उठले, भिंतीला हात लावत गाडीपाशी गेले आणि बंपरच्या उजव्या कोपऱ्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, इथे सांधा आहे. मी खांबाला घातली होती." त्या शिक्षकांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही मान हलवली.

त्यांनी चार हजार कमी केले. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या. कमी पडलेले पैसे आम्ही भिशीतून उचलले. त्या दिवशी जेवताना अब्बांनी खांबाची सगळी हकीकत नातवंडांना हसत हसत सांगितली.

काचबिंदू घराण्यात चालू शकतो, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं आणि आम्ही टाळत आलो होतो. शाळा उघडायच्या आत आम्ही दोघांनीही डोळे तपासून घेतले. अल्हम्दुलिल्लाह, ठीक निघाले. तुमच्या घरातल्या मोठ्यांनी गाडी, सुई-दोरा किंवा वाचन अचानक सोडलं असेल, तर त्यांच्याजवळ बसून एकदा विचारा. आणि पहिल्या उत्तरावर उठू नका.