हात लावू नका, मामा

पिस्तुलाच्या सगळ्या भागांना हात लावायची मला मुभा होती, फक्त पिस्तुलाला नव्हती.

टेक्सासात डॅलसच्या उत्तरेला प्लेनो आहे, तिथे माझा भाचा राहतो. त्याच्या जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरलेला आणि त्यावर नळी, स्लाइड, स्प्रिंग, मॅगझिन, प्लास्टिकची मूठ असा पसारा. "मामा, हे घ्या हातात. हेही बघा. हा एवढा तुकडा मात्र नको." तुकडा म्हणजे चार बोटांवर मावेल अशी स्टीलची चौकट, आत बारीक स्प्रिंगा, खाली लोंबणारा चाप आणि बाजूला कोरलेला क्रमांक. अमेरिकेच्या कायद्याला पिस्तूल म्हणून दिसतं ते एवढंच. तो घ्यायचा तर परवानाधारक दुकानात जायचं, फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेतून नाव तपासून घेणार. बाकी मूठ, नळी, स्लाइड हा नुसता माल. घरबसल्या मागवावा, कुरिअरवाल्याने दारात ठेवून जावा.

माल आणि कुरिअर म्हटलं की ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या मानकोलीचा माणूस सरसावून बसतो. मुंबईच्या जकातीबाहेर माल उतरवायचा म्हणून आमच्या भातशेतांत गाळे उभे राहिले, आणि २०१७ मध्ये जकात गेली तरी ते वाढतच राहिले. नाक्यावर उभं राहिलं की कंटेनरमधून फ्रिज, चपला, डायपर, मोबाइलची कव्हरं, काय काय जाताना दिसतं. पिस्तुलाची मूठसुद्धा तशाच खोक्यात बसून गावोगाव हिंडत असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बंदूक मी पाहिली ती कॅशच्या गाडीबरोबर येणाऱ्या गार्डच्या खांद्यावरची डबल बार. तिचा पट्टा सुतळीने बांधलेला असायचा.

तुकड्याला हात का नाही, तर मी व्हिजिटर व्हिसावर. असा पाहुणा तिथे बंदूक किंवा गोळ्या बाळगू शकत नाही, रेंजवर भाड्याने घेऊनसुद्धा नाही. कायद्यात अपवाद आहेत, आणि त्यातला एक ऐकून मी चाट पडलो: पाहुण्याकडे शिकारीचा परवाना असला तर चालतं! भाच्याचा एक मित्र एच-वन व्हिसावर असताना तो परवाना काढून बसला होता. दोन्ही एकादश्या करणारा माणूस. सशाच्या वाटेलाही गेला नाही. मी म्हटलं, मला काही शिकारी व्हायचं नाही, मी काचेआडून बघेन.

आता या सुट्या भागांच्या पिस्तुलाची गोष्ट. सिग सावर कंपनीने पी ३२० हे मॉडेल २०१४ मध्ये बाजारात आणलं. त्यात क्रमांकाचा तुकडा मुठीतून अख्खा बाहेर निघतो. हात लहान असेल तर लहान मूठ, मोठा असेल तर मोठी. स्लाइड आणि नळीही आखूड-लांब. अमेरिकी लष्कराला नेमकं हेच हवं होतं, कारण तिथे धिप्पाड जवानही आहे आणि लहान चणीची मुलगीही. १९८५ पासून वापरात असलेलं बेरेटा बाजूला सारून २०१७ च्या जानेवारीत त्यांनी पी ३२० निवडलं. कंत्राट ५८ कोटी डॉलरपर्यंतचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, विशिष्ट कोनात खाली पडलं तर ते आपोआप उडतं, असं चाचण्यांत दिसलं आणि कंपनीने बाजारातल्या पिस्तुलांचे चाप व आतले भाग बदलून देण्याची ऐच्छिक योजना काढली. चापाला हात न लागता गोळी सुटली, असे दावे त्यानंतरही कोर्टात गेलेत. कंपनी ते नाकारते. भाच्याने हे सगळं स्वतःहून सांगितलं, हे मला बरं वाटलं.

हातात बसेल अशी मूठ ही कल्पना तशी नवी नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या खेळातल्या पिस्तुलांच्या लाकडी मुठी नेमबाजाच्या पंजाप्रमाणे घासून घेतात. इथला फरक असा की मूठ बदलली तरी कायद्याच्या लेखी पिस्तूल तेच राहतं.

भाच्याकडचं मॉडेल पी ३६५, २०१८ चं. पी ३२० चा धाकटा भाऊ, पण दोघांचे तुकडे एकमेकांत बसत नाहीत. याची जाडी जेमतेम इंचभर, नळी ३.१ इंच, वजन अर्धा किलो, मॅगझिनमध्ये १० गोळ्या. याआधी एवढ्याशा पिस्तुलात सहा-सात गोळ्या मावायच्या. त्याने याच तुकड्यासाठी दुसरा पोशाख घेतलाय: १७ गोळ्यांची लांब मूठ आणि ३.७ इंची नळीची स्लाइड. चेंबर रिकामं आहे ना हे त्याने डोळ्यांनी बघितलं, मग करंगळी घालून चाचपलं. एक खटका फिरवून स्लाइड उतरवली, तुकडा उचलला आणि धोट्यात कांडी बसवावी तसा दुसऱ्या मुठीत टक् करून बसवला. पाना नाही, पेचकस नाही.

माझ्या डोक्यात आपला हिशेब चालू. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' हे बायकांसाठीचं .३२ रिव्हॉल्व्हर काढलं. वजन तेही अर्धा किलोच, गोळ्या सहा, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. भाच्याचं पिस्तूल सहाशे डॉलरच्या आसपास. आणि आपल्याकडे पैसे हा प्रश्नच नंतरचा. आमच्या गावच्या माणसाला ठाणे पोलीस आयुक्तालयात परवान्यासाठी अर्ज करायचा, धोका काय ते पटवून द्यायचं, निवडणूक आली की अनेकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं. ९ मिलिमीटरचं तर सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही. १९५९ च्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, म्हणजे टॉवेलवरचा जो पसारा मी बिनधास्त चिवडत होतो, तो सगळाच मानकोलीत गुन्ह्याचा मुद्देमाल. एका तुकड्यावर डोळा ठेवून बाकीचं मोकळं सोडणारी तिथली पद्धत मला हुशार वाटली, शहाणी वाटली नाही.

बाळगण्याच्या बाबतीत धाकटा पोशाख निर्विवाद जिंकतो. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, अंगात टी-शर्ट आणि अर्धी चड्डी. लांब मूठ कापडातून टोचून दिसते. लहान मूठ पँटच्या आत, उजव्या कमरेला गडप होते. पण म्हणून ती विसरता येते असं नाही. माझ्या लक्षात आलं की भाचा आपल्या मुलीला डाव्या कडेवरच घेतो. पोरीलाही सवय झालीय, ती बरोबर त्याच बाजूला येऊन हात वर करते. दुकानात शिरताना तो आधी दार वाचतो: ३०.०६ असा मथळा आणि खाली इंग्रजी-स्पॅनिश मजकूर, म्हणजे लपवलेलं पिस्तूल आत नको. ३०.०७ म्हणजे उघडं नको. बारवर लाल अक्षरात ५१%, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची, आत हत्यार नेलंत तर गुन्हा. पाटी दिसली की हा परत गाडीकडे, सीटखालच्या लोखंडी पेटीत पिस्तूल, मग आत. एक किलो तांदूळ आणायला हे सगळं! भाचेसून गाडीतच बसून राहते. तिने या विषयावर बोलणं सोडून दिलंय.

रेंजवर मी काचेमागे उभा राहिलो. कानावर मफ होते तरी आवाज छातीत जाणवत होता. भाच्याच्या शेजारच्या गल्लीत एक आजीबाई, डोक्यावर पांढरे केस, अंगात गुलाबी स्वेटर. तिचा कागद मी शेवटपर्यंत हेव्याने बघत होतो.

भाच्याने एकवीस फुटांवर कागद लावला आणि आधी मोठा पोशाख घेतला. दोन्ही हातांची बोटं मुठीवर पुरती बसली. प्रत्येक बाराला नळी जराशी उचले आणि जागेवर येई. कागदावर चार बोटांच्या जागेत भोकं. मग तोच तुकडा लहान मुठीत. गोळी तीच, साडेसात ग्रॅमची, दारू तितकीच. पण हातातलं वजन शंभरेक ग्रॅमने कमी, करंगळी टेकायला जेमतेम जागा, नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा जवळ आलेल्या, त्यामुळे हाताची बारीकशी थरथर कागदावर मोठी होऊन उमटते. मनगट दर खेपेला वर फेकलं जात होतं. दुसऱ्या बारापर्यंत त्याला मूठ पुन्हा सावरून धरावी लागे. भोकं वीतभर पसरली, दोन तर माणसाच्या आकृतीबाहेर. एकच मॅगझिन संपवून त्याने तो पोशाख बाजूला ठेवला आणि गोळ्यांची उरलेली अख्खी पेटी मोठ्यातून उडवली.

दुकानदार म्हणतो चाप एकच, म्हणून सराव एकच. काचेआडून मला तसं दिसलं नाही. चाप ओढणारं बोट एकच होतं; धक्का झेलणारा पंजा दोन वेगळी हत्यारं हाताळत होता.

परतताना गाडीत त्याने मोठ्या पोशाखाचा कागद गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला, गॅरेजात लावायला. लहानाचा तिथेच कचऱ्यात टाकला होता. निघताना पिस्तूल पुन्हा लहान मुठीत जाऊन कमरेला बसलं होतं.

"अरे, जे कमरेला लावतोस त्याचाच सराव कर ना," मी म्हटलं.

"मनगट दुखतं हो मामा त्याने," तो म्हणाला, आणि घरी जाताना तांदूळ घ्यायचाय याची मला आठवण करायला सांगितली.