राजहऱ्याचा लाल

दुसऱ्या सत्राचा पहिला तास. टेबलावर एक पांढरी टाइल, दाढीचं पातं, मेणबत्ती आणि भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारातून आणलेली साधीच लिपस्टिक. ती मी फिरवून पूर्ण वर काढते, बुडापासून मोडते आणि टाइलवर ठेवून तिचे काप करते. मुली 'अरे अरे, मॅडम!' करत पुढे येतात. एक काप चमच्यात घेऊन ज्योतीवर धरला की क्षणभरात कडा ढिल्या पडतात, तेल सुटतं, वास पसरतो आणि रंग एकदम गडद होतो. गार झाला की पुन्हा घट्ट. मेण, एरंडेल तेल आणि रंग. बहुतेक लिपस्टिका म्हणजे मुळात एवढंच. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुणाला पेन्सिल उचलू देत नाही.

असं सुरुवातीपासून नव्हतं. भिलाईत जाहिरातकला शिकवायला लागले, त्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर फक्त 'लिपस्टिकची जाहिरात करा' असं लिहिलं होतं. आठवड्यानं बावीस पोस्टरं आली आणि बावीसही पोस्टरांवर ओठ होते. गोरे, अर्धवट उघडे, इंटरनेटवरून उतरवलेले. वर्गातल्या एकाही मुलीचे ओठ तसे नव्हते. चूक माझी होती. मी मुलांना वस्तू दिलीच नव्हती, नुसतं तिचं नाव दिलं होतं. तेव्हापासून नियम केला: पोस्टरवर चेहरा नाही, ओठ नाहीत. लिपस्टिक आहे, तुम्ही आहात आणि हे गाव आहे.

गावाचा संबंध मी ओढूनताणून लावत नाही. लिपस्टिकच्या तपकिरी, विटकरी, मातकट छटांमध्ये जो लाल असतो तो पुष्कळदा लोहाच्या ऑक्साइडचा असतो. आणि आमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून जे खनिज येतं, ते हेमेटाइट, म्हणजेही लोहाचं ऑक्साइडच. 4 फेब्रुवारी 1959ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून हा लाल दगड या शहराचं पोट भरतोय. एका वर्षी राजहऱ्याच्या एका मुलानं घरून खनिजाचा मुठीएवढा खडा आणला. वरून तो काळपट, पोलादी चमकीचा होता. टाइलच्या उलट्या, खरबरीत बाजूवर घासला तर लालभडक रेघ उमटली. ती पूड आम्ही खलात घोटली, एरंडेलात कालवली, थोडं मधमाशीचं मेण घातलं आणि कागदावर फासली. विटकरी, किंचित जांभळट, अंगाला चिकटून राहणारा रंग. ओठांना लावू दिली नाही. खाणीतल्या दगडात शिसं असेल, आर्सेनिक असेल. सौंदर्यप्रसाधनांसाठी हेच ऑक्साइड कारखान्यात वेगळं, शुद्ध तयार करतात. पण त्या दिवसापासून वर्गात त्या रंगाचं नाव 'राजहरा' पडलं ते पडलंच.

पुढचं मुलांनीच जुळवलं. लिपस्टिकही साच्यात ओततात. कारखान्याच्या एसएमएसमध्ये, म्हणजे पोलाद वितळवण्याच्या विभागात, पोलाद ओततात, तशीच. तापमान तेवढं वेगळं: ती ऐंशीएक अंशांना, पोलाद दीड हजारांच्या वर. साच्यातून निघालेली कांडी मंदसर असते, म्हणून तिला निमिषभर ज्योतीतून काढतात. वरचा थर वितळतो आणि ती तुकतुकीत होते. पोलाद ओतणाऱ्या कॅस्टरवर काम करणाऱ्या बापांची मुलं हे ऐकून सरसावून बसतात. माझे बाबा 1964 साली अमरावतीहून येऊन रेल मिलमध्ये लागले. लहानपणी रात्री स्लॅग ओतला की आभाळ लाल व्हायचं, आणि आई अंथरुणातूनच म्हणायची, 'ओतलं बघ.' माझ्या डोळ्यांत लाल म्हटल्यावर पहिला तोच उतरतो.

नावांचा तास मला फार आवडतो. शेडला नाव द्यायचं म्हणजे रंगाला नेमकं पकडायचं. मी मराठीतली नावं सांगते: शेंदरी, डाळिंबी, आमसुली, अबोली, जास्वंदी, किरमिजी. किरमिजीपाशी थांबते, कारण त्या नावातच किडा आहे. किरमिज नावाच्या किड्यापासून काढलेला रंग तो किरमिजी. आजही कित्येक लिपस्टिकांमध्ये कारमाइन असतं, तेही कोचिनील किड्याचं. मुलं छत्तीसगढी नावं आणतात. तीजेच्या सणाला माहेरी आलेल्या आईच्या पायांचा माहुर, म्हणजे अळिता. कुसुमाच्या झाडावरची लाख. पळस. भिलाईजवळच्या गनियारीच्या पंडवानी गायिका तीजनबाईंचे पानानं रंगलेले ओठ. एकीनं कात आणि चुना खरोखर कालवून दाखवला: दोन्हींत लाल नाही, एकत्र आले की लाल. तिच्या शेडचं नाव 'आजीचा डबा'. बाजारातल्या कुठल्याही इंग्रजी नावाशेजारी मी ते अभिमानानं ठेवीन.

मग कागदावरची मेहनत. कांडीचं तिरकं टोक काढणं सोपं वाटतं, पण नळीच्या तीन कडा, म्हणजे तीन लंबवर्तुळं, एकाच नजरेच्या उंचीवरून बसवताना भलेभले चुकतात. वरचं फुगीर आणि खालचं चपटं झालं की नळी वाकडी उभी राहते. रंगांचे पट्टे मी कागदावर तपासू देत नाही. सगळ्यांनी आपल्या मनगटावर ओढायचे आणि बाकावर हात शेजारी शेजारी ठेवायचे. एकच लाल गव्हाळ हातावर नारिंगी दिसतो, सावळ्या हातावर खोल जातो. काळ्या कातडीवर राजहरा जसा खुलतो, तसा गोऱ्यावर कधी खुलत नाही. हे मी दर वर्षी पाहते आणि दर वर्षी मला तितकाच आनंद होतो.

बाहेरचंही दाखवते. 1952मध्ये इकडे टाटांनी लॅक्मे सुरू केली. नाव फ्रेंच ऑपेराचं, आणि त्या नावात आपली लक्ष्मी. त्याच वर्षी तिकडे रेव्हलॉनची 'फायर अँड आइस' ही जाहिरात आली. एका पानावर छायाचित्र, दुसऱ्या पानावर बायकांना विचारलेल्या प्रश्नांची यादी. लिपस्टिक कशाची बनली, याबद्दल त्या प्रश्नांत काही नाही. तू कोण आहेस, एवढंच विचारलंय. आणि क्लेस ओल्डनबर्गची लिपस्टिक: 1969मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत, येल विद्यापीठाच्या आवारात रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर उभी केलेली. आधी तिचं टोक मऊ, हवा भरायचं होतं. 1974मध्ये ती पोलादासारख्या टिकाऊ सामानात पुन्हा घडवली गेली. 'मॅडम, हे तर आपल्याकडेही बनेल,' असं दर बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच.

गेल्या वर्षीचं एक पोस्टर मात्र मनातून जात नाही. कोहक्याची मुलगी. आई घरी शिवणकाम करते. तिची लिपस्टिक संपली की ती नळीच्या तळात काडेपेटीची काडी घालून उरलेलं कोरून काढते आणि लावते, महिना महिना. मुलीनं ती रिकामी नळी वर्गात आणली होती. आतल्या भिंतींवर काडीचे ओरखडे होते. पहिल्या चित्रात सगळंच होतं: आईचा हात, आरसा, काडेपेटी, मशीन. एकेक काढत गेलो. आरसा काढायला ती चार दिवस तयार नव्हती. शेवटी उरली पांढऱ्यावर आडवी पडलेली रिकामी नळी आणि तिच्याजवळ एक काडी, टोकाला लाल. लांबून न पेटवलेली काडी वाटते. जवळ गेल्यावर कळतं, तो गूल नाही. खाली दोनच शब्द: 'अभी है'.

छपाईत तो लाल तीनदा बिघडला. एकदा नारिंगी, एकदा गुलाबी, आणि काळा मिसळल्यावर चिखल. काळा काढून किंचित निळा घातला तेव्हा जमेल तसं जमलं. तिचं समाधान झालं नाही. त्याच शेडची नवी लिपस्टिक आणून तिनं प्रत्येक प्रतीवर काडीचं टोक हातानं रंगवलं.

प्रदर्शनाला आई आली, मशीनवरून उठून तशीच, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे. बराच वेळ उभी राहिली. मग करंगळीनं काडीचं टोक हलकेच पुसलं, बोट खिडकीच्या उजेडात धरलं आणि लेकीला म्हणाली, 'हा माझा नाही गं. माझा याहून जरा गडद आहे.'