साथीचा सूर

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर एक नाव ठळक अक्षरांत असते. बाकीची नावे मागच्या बाजूला, बारीक टाइपात. गिटार कोणी वाजवली, ड्रम कोणी, मागे सूर कोणी मिळवला. ही बारीक अक्षरे वाचण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. पण १९७० नंतरच्या अमेरिकन कंट्री आणि रॉक संगीताच्या तबकड्या हाताळणाऱ्यांना त्या बारीक अक्षरांत एक नाव पुन्हा पुन्हा भेटते. ते नाव म्हणजे एमिलू हॅरिस.

तिच्या स्वतःच्या नावावर वीसहून अधिक अल्बम आहेत, ग्रॅमी पुरस्कारही डझनाहून अधिक आहेत. तरीही बॉब डिलन, नील यंग, रॉय ऑर्बिसन, मार्क नॉफ्लर अशा कितीतरी जणांच्या गाण्यात ती दुसरा आवाज होऊन उभी राहिली. मिळालेले नाव बाजूला ठेवून दुसऱ्याच्या गाण्याला हातभार लावायला माणूस आयुष्यभर का जातो?

शाहिराच्या मागे झीलकरी असतो, बुवांच्या मागे टाळकरी असतात. पण आपल्याकडचा साथीदार बहुधा तीच ओळ, तोच सूर उचलून धरतो. पाश्चात्त्य गाण्यात 'हार्मनी' गाणाऱ्याचे काम वेगळे. मुख्य गायक एक स्वर लावतो, त्याच क्षणी साथीदार त्याच्याशी जुळणारा दुसरा स्वर लावतो. शब्द तेच, श्वास तोच, स्वर मात्र निराळा. शब्द एकदम सुरू व्हायला हवा आणि एकदम थांबायला हवा. साथीदाराचा आवाज थोडा जरी पुढे सरकला तरी गाणे बिघडते, आणि फार मागे राहिला तर तो असून नसल्यासारखा. संसारातही हे गणित किती जणांना साधते?

विमानाचे एक तिकीट

एमिलूचा जन्म २ एप्रिल १९४७ चा, अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमचा. वडील मरीन कोअरमध्ये अधिकारी. नाटकाच्या शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती सोडून ती गाण्यासाठी न्यूयॉर्कला गेली. १९६९ साली तिचा पहिला अल्बम निघाला. तो चालला नाही आणि तो काढणारी कंपनीच बुडाली. १९७० मध्ये मुलगी झाली, पाठोपाठ लग्न मोडले. तान्ह्या मुलीला घेऊन ती वॉशिंग्टनजवळ आई-वडिलांच्या घरी परतली आणि संध्याकाळी लहान क्लबांतून गाऊ लागली.

तिथे ख्रिस हिलमन या संगीतकाराने तिला ऐकले आणि आपला जुना सहकारी ग्रॅम पार्सन्स याला तिच्याविषयी सांगितले. पार्सन्सच्या डोक्यात एकच वेड होते. खेडवळ म्हणून हिणवले जाणारे कंट्री संगीत आणि शहरी तरुणांचे रॉक, दोन्ही एकत्र नांदले पाहिजेत. १९७२ मध्ये त्याने एमिलूला लॉस एंजेलिसच्या विमानाचे तिकीट पाठवले. 'जीपी' हा त्याचा अल्बम जानेवारी १९७३ मध्ये आला. त्यात एल्व्हिस प्रेस्लीच्या वाद्यवृंदातले कसलेले वादक होते, आणि त्यांच्या मधोमध ही जवळजवळ अनोळखी मुलगी.

तोवर एमिलूला लोकगीतांची ओढ होती, कंट्री गाण्यांकडे ती फारशा गांभीर्याने पाहत नव्हती. पार्सन्सने तिला लूव्हिन बंधूंसारख्या जुन्या जोड्यांची गाणी ऐकवली. दुःखाचे गाणे रडून गायचे नसते, आवाज आवरून गायचे असते, हे तिला त्याच्यासोबत गाताना उमगले.

ही शिकवणी फार दिवस चालली नाही. दुसऱ्या अल्बमचे काम आटोपल्यावर, १९ सप्टेंबर १९७३ रोजी, मद्य आणि अमली पदार्थांनी पार्सन्सचा बळी घेतला. तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. 'ग्रीव्हस एंजल' हा अल्बम जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली दोघांची युगुलगीते आजही आदराने ऐकली जातात. वेष्टनावर चेहरा मात्र एकट्या पार्सन्सचा होता.

मागे राहिलेला आवाज

मुख्य आवाज गेला की साथीच्या सुराने काय करायचे? एमिलू मुलीकडे परतली. मग १९७५ मध्ये 'पीसेस ऑफ द स्काय' हा तिचा अल्बम आला. त्यातले 'बोल्डर टू बर्मिंगहॅम' हे गाणे तिने बिल डॅनॉफसोबत लिहिले होते, पार्सन्सच्या जाण्याचे दुःख घेऊन. तिचे पहिले लोकप्रिय गाणेही याच अल्बममधले, आणि ते होते लूव्हिन बंधूंचे. गुरूने हाती दिलेली शिदोरी तिने अशी वापरली. पार्सन्सच्या वाद्यवृंदातले काही वादक आता तिच्यामागे उभे होते.

त्याच वर्षी बॉब डिलनने तिला 'डिझायर' अल्बमसाठी बोलावले. डिलनला तालमींचा कंटाळा. गाणे एकदोनदा गायचे, झाले ध्वनिमुद्रण! ओळखही नसलेली गाणी, हातात शब्दांचा कागद. एक डोळा कागदावर आणि एक डिलनच्या ओठांवर ठेवून एमिलू गायली. तो कुठे थांबेल, कुठला शब्द ताणेल, याचा अंदाज त्या क्षणी बांधायचा. 'डिझायर' १९७६ च्या जानेवारीत आला आणि गाजला. त्यातले दोन्ही आवाज काही ठिकाणी किंचित मागेपुढे होतात, पण त्यातच त्या गाण्यांचा जिवंतपणा आहे.

साथीचे खरे सुख मात्र तिला मैत्रिणींमध्ये सापडले. लिंडा रॉनस्टॅट, डॉली पार्टन आणि एमिलू, तिघी आपापल्या जागी मोठ्या. एकत्र अल्बम करायचा बेत सत्तरच्या दशकातच ठरला होता. पण प्रत्येकीची कंपनी वेगळी, दौरे वेगळे. बेत बारगळला, मैत्री राहिली. अखेर १९८७ मध्ये 'ट्रायो' आला. त्यात कधी एक पुढे, दोघी मागे, तर पुढच्या गाण्यात अदलाबदल. या अल्बमच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि त्याला ग्रॅमीही मिळाले.

दिले ते परत आले

नील यंगच्या १९७७ सालच्या एका अल्बममध्ये एमिलूचा आवाज आहे. १९९५ मध्ये तिने 'रेकिंग बॉल' हा वेगळ्या वळणाचा अल्बम केला, तेव्हा त्याच्या शीर्षकगीतात मागे सूर धरायला स्वतः नील यंग आला. ते गाणेही त्याचेच होते. पुढे रायन अॅडम्स, 'ब्राइट आइज' अशा पुढच्या पिढीच्या ध्वनिमुद्रणांतही ती तितक्याच मनापासून गायली. मार्क नॉफ्लरबरोबरचा 'ऑल द रोडरनिंग' हा अल्बम दोघांनी सवडीने, काही वर्षांत मिळून पुरा केला. तो २००६ मध्ये आला. १९९९ मध्ये पार्सन्सच्या गाण्यांचा श्रद्धांजलीपर अल्बम निघाला, तेव्हा त्याच्या निर्मितीची धुराही तिने वाहिली.

२०१५ मध्ये स्वीडनमध्ये तिला पोलर संगीत पुरस्कार मिळाला. समारंभात 'फर्स्ट एड किट' या नावाने गाणाऱ्या दोन स्वीडिश बहिणींनी स्वतःचेच एक गाणे गायले. त्याचे नाव 'एमिलू'. दोघींनी मिळून गाण्यातल्या जवळिकीचे ते गाणे ऐकताना समोर बसलेल्या एमिलूचे डोळे भरून आले.

त्याआधी, २०१३ मध्ये, लिंडा रॉनस्टॅटने आजारपणामुळे आपल्याला आता गाता येत नाही, असे जाहीर केले होते. २०१४ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचा सन्मान झाला, पण ती समारंभाला येऊ शकली नाही. तिची गाणी गाण्यासाठी व्यासपीठावर ज्या गायिका आल्या, त्यांत एमिलू होती. पार्सन्स गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, आता सदुसष्ट. पुढचा आवाज पुन्हा एकदा गप्प झाला होता आणि गाणे सांभाळायला साथीचा सूर हजर होता.