अक्कल गुडघ्यात

मोठ्या शहरातल्या रस्त्यावर चार चौक चाललं की एक पाटी हमखास दिसते: ‘अस्थिरोगतज्ज्ञ. नी रिप्लेसमेंट केली जाईल.’ पाटी रंगवणाऱ्याने बहुतेक वेळा ‘तज्ज्ञ’मधला एक ज खाल्लेला असतो आणि शुद्धलेखनवाल्यांचा जीव त्या ज-पाशी अडकतो. खरी गंमत मात्र शेजारच्या ‘नी’त आहे. इंग्रजीत के, एन, ई, ई अशी चार अक्षरं, देवनागरीत एकच. मग के गेला कुठे?

तो कानाला ऐकू येत नाही, म्हणून देवनागरीने ठेवला नाही. इंग्रजीने ठेवलाय. नी, नो, नॉट, नॉक, नाईफ, निट, नाइट: गुडघा, जाणणं, गाठ, ठोकणं, सुरी, विणणं, सरदार. सगळे छोटे, घरातले शब्द आणि प्रत्येकाच्या दारात एक मुका के बसलेला.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलाची आणि या के-ची गाठ पाचवीत पडायची. चार रेघांची वही, शाईने निळी झालेली बोटं आणि अख्ख्या वर्गाचा एक सूर: ‘के एन आय एफ ई नाईफ, नाईफ म्हणजे सुरी!’ पुढे ‘के एन ओ डब्ल्यू नो, नो म्हणजे माहीत असणे’ आणि लगेच ‘एन ओ नो, नो म्हणजे नाही’. माहीत असणं आणि नसणं कानाला एकच, हे मुलं निमूट गिळायची. स्पेलिंग लक्षात राहावं म्हणून प्रत्येकाची एक चोरटी युक्ती असे. मनात म्हणायचं ‘क्निफे’, तोंडाने म्हणायचं ‘नाईफ’. मनात ‘क्नी’, तोंडाने ‘नी’. कधीतरी एखाद्याची गल्लत व्हायची. धडा वाचायला उभा राहिलेला मुलगा घाईत मनातलंच मोठ्याने बोलून जायचा, ‘क्नी’. वर्ग खो खो हसायचा आणि सर पट्टी उचलायचे. हात उलटा धरायला लावून बोटांच्या सांध्यांवर मारायची पद्धत होती. त्या सांध्यांना इंग्रजीत ‘नकल’ म्हणतात. तेही के एन-नेच सुरू होतं.

त्या मुलाचं चुकलं एवढंच, की तो जन्माला उशिरा आला. इंग्रज कवी चॉसर १४०० साली वारला. त्याच्या वेळच्या इंग्लंडात पट्टी ‘नी’ म्हणणाऱ्याला बसली असती. जुन्या इंग्रजीत गुडघ्याला ‘क्नेओ’ म्हणत, सुरीला ‘क्नीफ’, आणि क चांगला खणखणीत वाजे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला तेव्हाही हा क जिवंत होता. स्पेलिंगं हळूहळू खिळ्यांत बसली, जिभा मात्र पुढे निघून गेल्या. सतराव्या शतकात क विरत गेला, आणि सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या कोशात के-खाली सरळ नोंदवून टाकलं, की एन-आधी या अक्षराचा आवाज आता पुरता गेला आहे. जर्मन मंडळी आजही गुडघ्याला ‘क्नी’च म्हणतात. बर्लिनच्या शाळेत त्या मुलाला शाबासकी मिळाली असती.

या सगळ्यांत दैव फळफळलं ते ‘नाइट’चं. मूळचा ‘क्निख्त’ म्हणजे नुसता पोरगा, मग हाताखालचा पोरगा. आपल्याकडे हॉटेलातला ‘पोऱ्या’ म्हणतात, अगदी तसा. जर्मनीत त्याचा भाऊ ‘क्नेख्त’ अजून गडीच राहिला. इंग्लंडातला पोऱ्या घोड्यावर बसला, चिलखत चढवलं आणि सर झाला. बुद्धिबळाच्या पटावर मात्र त्याला कमीपणा घ्यावा लागतो. तिथे चाली लिहिताना के राजाकडे गेलेला असतो, म्हणून घोड्याला एन-वर भागवावं लागतं. बोलण्यातून गेलेला के तिथे कागदावरूनही गेला.

आणि ‘नी’? लॅटिनमध्ये गुडघा ‘गेनू’, ग्रीकमध्ये ‘गोनू’, फारसीत ‘झानू’, संस्कृतात ‘जानु’. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो आजानुबाहू, त्यातला हा जानु. (हिंदी गाण्यांतली ‘जानू’ निराळी, ती ‘जान’ची, गुडघ्याशी तिचा संबंध नाही.) याकोब ग्रिमने, परीकथावाल्या दोघा भावांतल्या थोरल्याने, १८२२ मध्ये या अदलाबदलीचा नियम मांडला: लॅटिन-ग्रीकमध्ये जिथे ग, तिथे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात क. ग्रीक भाषेत कोनाला ‘गोनिया’ म्हणतात. तोही या गुडघ्याचाच नातेवाईक, कारण पाय दुमडला की कोन होतो. तेव्हा अमेरिकेचं पेंटॅगॉन म्हणजे हिशेबाने पाच गुडघे.

‘नो’चंही तेच. ग्रीक ‘ग्नोसिस’, संस्कृत ‘ज्ञा’, मराठी ‘जाणणं’, जाण, जाणता. ‘तज्ज्ञ’ म्हणजे ‘ते जाणणारा’. म्हणजे त्या चौकातल्या पाटीवर इंग्रजीचा नी आहे आणि नो-चा आपल्याकडचा चुलतभाऊही. एखाद्याची अक्कल गुडघ्यात आहे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे दोन शब्द शेजारी दिसले तर नवल वाटू नये.

‘आम्ही बोलतो तसंच लिहितो’ असं मराठी माणूस छाती फुगवून सांगतो. त्याला ‘ज्ञ’ उच्चारायला सांगावं. तो ‘द्न्य’ म्हणतो. अक्षरात आहेत ज आणि ञ. द कुठून आला? हिंदीवाला तिथे ‘ग्य’ म्हणतो, गुजराती ‘ग्न’. ज आणि ञ यांची मोळी एका श्वासात उचलणं कुणालाच झेपलं नाही. ज्याने त्याने सोयीने बांधली. इंग्रजी लिपीत तर हे उघडंच पडतं. साहित्याचा ज्ञानपीठ पुरस्कार जे-ने सुरू होतो, बनारसची ज्ञानवापी जी-ने, आणि आळंदीचे ज्ञानेश्वर डी-ने.

मुळाक्षरांच्या तक्त्यात शेवटच्या चौकटीत ‘ज्ञ ज्ञानेश्वराचा’ असं शिकलेला एखादा ज्ञानेश्वर मग पासपोर्ट घेऊन लंडनच्या विमानतळावर उतरतो. खिडकीमागचा साहेब नाव बघतो. डी, एन, वाय. नी-नाईफवर वाढलेला माणूस तो, पहिलं अक्षर मुकं असणार हे त्याला जन्मापासून ठाऊक. तो डी गिळतो आणि आत्मविश्वासाने हाक मारतो, ‘मिस्टर न्यानेश्वर?’